वापरलेली इलेक्ट्रिक गिटार घेताना: स्थिर ब्रिज की ट्रेमोलो?

ओएलएक्सवर, फेसबुकच्या मार्केटप्लेसवर किंवा ओळखीपाळखीतून वापरलेली इलेक्ट्रिक गिटार शोधणाऱ्या मुंबई-पुण्यातील वादकासमोर काही ठरावीक नावे पुन्हा पुन्हा येतात: स्क्वायरची बुलेट आणि ॲफिनिटी, यामाहाची पॅसिफिका, आयबानेझच्या जिओ आणि आरजी मालिकांतील गिटारी, एपिफोनची लेस पॉल. जाहिरातीत रंग असतो, वय असते, सोबत मिळणाऱ्या बॅगेचा आणि ॲम्पचा उल्लेख असतो. ब्रिज (गिटारच्या धडावर तारा जिथे टेकतात तो भाग) स्थिर आहे की दांडीने हलणारा ट्रेमोलो, हे मात्र बहुतेक वेळा फोटो मोठा करून स्वतःच पाहावे लागते. वापरलेल्या गिटारच्या बाबतीत हा मुद्दा पिकअप, लाकूड किंवा ब्रँड यांच्याही आधी विचारात घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. नव्या गिटारमध्ये दोन्ही प्रकारचे ब्रिज धडधाकट असतात आणि निवड केवळ आवडीची राहते. चार-पाच वर्षांच्या वापरानंतर मात्र स्थिर ब्रिजचे दोष वरवर पाहूनही कळतात, तर ट्रेमोलोचे दोष पाहून कळत नाहीत, ते तपासून शोधावे लागतात. आणि स्वस्त गिटारमध्ये ते सापडले तरी त्यांची दुरुस्ती अनेकदा गिटारच्या किमतीला परवडत नाही.

स्थिर ब्रिजची रचना साधी आहे. लिओ फेंडर यांच्या कारखान्यातून १९५० साली आलेल्या आणि १९५१ पासून टेलिकास्टर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गिटारमध्ये धातूची एक पट्टी लाकडावर स्क्रूने पक्की बसवलेली असते, तिच्यावर सॅडल, म्हणजे तारा टेकण्याचे छोटे आधार, असतात आणि तारा गिटारच्या पाठीमागून लाकडातून आरपार वर येतात. गिब्सनने १९५४ साली आणलेल्या ट्यून-ओ-मॅटिक ब्रिजमध्ये सॅडल एका वेगळ्या पट्टीवर असतात आणि तारा मागच्या आडव्या दांडीत अडकवलेल्या असतात. दोन्हींमध्ये तारेचे एक टोक हलत नाही, हे महत्त्वाचे. त्याच १९५४ साली आलेल्या स्ट्रॅटोकास्टरने मात्र हे टोकच हलते केले; अशा हलत्या ब्रिजलाच ट्रेमोलो म्हणतात. तिच्या ब्रिजची पट्टी पुढच्या कडेला सहा स्क्रूंवर टेकून झुलते, पट्टीखाली एक जड धातूचा ठोकळा असतो, तारा त्या ठोकळ्यातून जातात आणि गिटारच्या पाठीमागच्या पोकळीत बसवलेल्या तीन ते पाच स्प्रिंगा त्या ठोकळ्याला तारांच्या विरुद्ध दिशेने ओढून धरतात. ब्रिजला जोडलेली दांडी खाली दाबली की तारा सैल होऊन सूर उतरतो. पट्टी लाकडापासून थोडी उचललेली असेल, तर दांडी वर ओढून सूर चढवताही येतो.

म्हणजे ट्रेमोलो हा तराजू आहे. एका पारड्यात सहा तारांचा ताण, दुसऱ्यात स्प्रिंगांचा. तारांची लांबी साडेपंचवीस इंच असलेल्या फेंडरच्या गिटारवर दहा नंबरचा (सर्वात बारीक तार ०.०१० इंच जाडीची असलेला) तारांचा संच नेहमीच्या सुरात लावला, तर सहा तारांचा एकत्रित ताण साधारण ४६ किलो भरतो, आणि नऊ नंबरचा संच लावला, तर तो ३८ किलोंच्या आसपास येतो. तेव्हा नुसता तारांचा नंबर बदलला, तरी समतोल बिघडतो, पट्टी पुढे किंवा मागे कलते, तारांची उंची बदलते आणि इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर अचूक लागणे) नव्याने लावावे लागते. ट्रेमोलोविषयीच्या सगळ्या तक्रारींच्या मुळाशी हा समतोल आहे, आणि ट्रेमोलोमुळे जे काही सुंदर वाजवता येते, त्याच्याही मुळाशी तोच आहे.

याचे व्यवहारातले परिणाम घेणाऱ्याने आधी समजून घ्यावेत. तरंगत्या, म्हणजे पट्टी लाकडापासून उचललेल्या, ट्रेमोलोच्या गिटारवर कार्यक्रमाच्या मध्यात एक तार तुटली, तर स्प्रिंगांचे पारडे जड होते, उरलेल्या पाचही तारा चढतात आणि ते गाणे पुढे रेटणे अशक्य होते. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रामध्ये किंवा महाविद्यालयीन स्पर्धेत, जिथे हाताशी दुसरी गिटार नसते, तिथे हा धोका खरा आहे. स्थिर ब्रिजवर पाच तारांनिशी कसेबसे का होईना, गाणे पार पडते. मोकळ्या तारांचा नाद हवा असलेले गाणे गायकाने ऐन वेळी काळी दोनवरून पांढरी दोनवर उतरवले, तर स्थिर ब्रिजची गिटार दोन मिनिटांत अर्धा स्वर खाली लावता येते. तरंगत्या ब्रिजवर एक तार उतरवली की आधी लावलेल्या तारा चढतात, आणि सहाही तारांवरून पुन्हा पुन्हा फिरत राहावे लागते. सर्वात जाड तार तेवढी एक स्वर खाली उतरवून वाजवण्याची पद्धत हेवी संगीतात रूढ आहे, पण तीही अशा गिटारवर सहजी जमत नाही. एक तार ओढून तिचा सूर चढवताना दुसरी स्थिर ठेवण्याचे ब्लूजमधले काम करताना ती दुसरी तार किंचित उतरते. तळहाताची कड ब्रिजवर टेकवून तारा दबक्या वाजवताना हाताचा भार जास्त पडला, तर सूर चढतो. अनुभवी वादक या सगळ्याशी जुळवून घेतो. शिकणाऱ्याला मात्र आपला हात चुकतो आहे की गिटार, हेच कळत नाही, आणि याची मला खरोखर काळजी वाटते, कारण त्या वयात कान घडत असतो.

इतके असूनही ट्रेमोलोला नुसती करामत म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे होईल. जेफ बेक यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात पिक जवळजवळ सोडून दिले आणि बोटांनी तार छेडत, दांडी तळहातात ठेवून, एका सुरातून दुसऱ्या सुरात सरकण्याची जी रीत घडवली, ती आपल्या कानाला परकी वाटत नाही. फ्रेट असलेल्या वाद्यावर मींड घ्यायची, तर तार ओढून सूर फक्त चढवता येतो. दांडीमुळे सूर खालीही नेता येतो, स्वराच्या भोवती हलका आंदोलित ठेवता येतो आणि एकाच आघातात दोन-तीन स्वरांचा प्रवास घडवता येतो. गिटारवर भावगीताची चाल किंवा एखाद्या रागाचा आलाप वाजवू इच्छिणाऱ्याला तरंगता ट्रेमोलो जे देतो, ते स्थिर ब्रिज देऊ शकत नाही. अशा वादकाने ट्रेमोलोच घ्यावा. फक्त तो नीट तपासून घ्यावा, आणि वापरलेला घेताना त्यासाठी अर्धा तास राखून ठेवावा.

तपासणीची माझी रीत अशी आहे. गिटार ॲम्पला जोडण्याआधी मोबाइलमधल्या ट्यूनरवर सहाही तारा अचूक लावाव्यात. मग दांडी हळूहळू, तारा सैल होईपर्यंत खाली दाबून सोडावी आणि एकेक तार पुन्हा पाहावी. त्यानंतर तारा बोटांनी जोराने ओढून पुन्हा पाहाव्यात. एक-दोनच तारा हलल्या असतील, तर दोष बहुधा नटमध्ये, म्हणजे नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीत, आहे: तार खाचेत अडकते, आणि त्यामुळे दांडी सोडल्यावर चढलेली राहते. हा दोष किरकोळ आहे. खाचेत मऊ पेन्सिलीचे ग्राफाइट भरले किंवा तंत्रज्ञाकडून खाच कानशीने नीट करून घेतली, की तो जातो. खुंटीवर तारेचे सैल किंवा एकावर एक चढलेले वेढे असतील, तर तेही असाच गोंधळ करतात आणि नव्या तारा लावताच गोंधळ संपतो. सहाही तारा एकदम एकाच बाजूला हलल्या, आणि दांडी खाली दाबून सोडल्यावर एका ठिकाणी तर वर ओढून सोडल्यावर दुसऱ्याच ठिकाणी थांबल्या, तर ब्रिजची पट्टी मूळ जागी परत येत नाही असे समजावे. सहा स्क्रूंच्या ब्रिजमध्ये त्याचे कारण कधी कधी फार साधे असते. कोणीतरी स्क्रू आवळून टाकलेले असतात आणि पट्टी त्यांच्या डोक्यांखाली चेपलेली असते. पण स्क्रूंची छिद्रे लाकडात सैल झालेली असतील, किंवा पट्टीची टेकण्याची कड झिजलेली असेल, तर काम वाढते.

पाठीमागचे प्लॅस्टिकचे झाकण उघडायला विक्रेत्याने नकार दिला, तर मी ती गिटार घेणार नाही. आत पाहण्यासारखे पुष्कळ असते. स्प्रिंगा ज्या पंजात अडकवलेल्या असतात, तो दोन लांब स्क्रूंनी लाकडात धरलेला असतो. ते स्क्रू पुरते आत आवळलेले असूनही ब्रिज पुढे कललेलाच असेल, तर स्प्रिंगा थकलेल्या आहेत किंवा तारा गरजेपेक्षा जाड आहेत. ठोकळ्याची जाडीही तिथेच दिसते. स्वस्त गिटारांमध्ये तो बारीक आणि हलका असतो. गिटारच्या आवाजात त्यामुळे फार मोठा फरक पडतो असे मला वाटत नाही, परंतु त्यातले दांडीचे आटे लवकर झिजतात आणि दांडी छिद्रात डुगडुगू लागते.

एडी व्हॅन हेलन यांच्या वादनामुळे जगभर गाजलेल्या फ्लॉइड रोज पद्धतीच्या ब्रिजविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण वापरलेल्या बाजारात सर्वाधिक फसगत त्याच्याबाबत होते. फ्लॉइड रोज यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात घडवलेल्या या रचनेत तार दोन्ही टोकांना पकडलेली असते: नटवर पट्ट्यांखाली आवळलेली आणि ब्रिजवर सॅडलमध्ये चेपलेली. तार नटच्या खाचेत अडकण्याचा किंवा खुंटीवर सरकण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि म्हणून दांडीचा कितीही आडदांड वापर केला, तरी सूर जागेवर राहतो. अट एकच आहे. ब्रिजची पट्टी ज्या दोन पोस्टवर, म्हणजे लाकडात उभ्या बसवलेल्या आधारांवर, टेकते, तिथली तिची धारदार कड शाबूत हवी. मूळ फ्लॉइड रोज किंवा आयबानेझचा जुना एज आणि लो-प्रो एज यांतली ही कड कठीण पोलादाची असते आणि ती अनेक वर्षे टिकते. परवाना घेऊन किंवा नुसती नक्कल करून बनवलेल्या स्वस्त ब्रिजमध्ये धातू मऊ असतो, कड बोथट होते, आणि मग दोन्ही टोकांना आवळलेल्या तारांचाही उपयोग होत नाही. बोथट झालेली कड नव्याने धारदार करणे हे कुशल कारागिराचे काम आहे आणि मऊ धातूवर ती धार फार दिवस राहत नाही. दोन्ही पोस्ट सरळ उभ्या आहेत की तारांच्या ओढीने पुढे झुकल्या आहेत, आणि त्यांच्या भोवतीच्या रंगात केसासारखी चीर गेली आहे का, हे बॅटरीच्या प्रकाशात पाहावे. पोस्ट आणि पिकअपची पोकळी यांच्यामधले लाकूड थोडेच असते, आणि बासवूडसारख्या मऊ लाकडात ते तडकते. अशी चीर दिसली, तर किंमत कितीही आकर्षक असली तरी मी ती गिटार सोडून देईन.

नटवरच्या आणि सॅडलच्या स्क्रूंना ३ मिलिमीटरची ॲलन की लागते. ती सोबत न्यावी आणि प्रत्येक स्क्रूमध्ये ती घट्ट बसते का, ते पाहावे. घाईघाईने किंवा भलत्याच मापाच्या चावीने फिरवून आतले कोपरे गोल झालेले स्क्रू अशा गिटारांवर हमखास आढळतात. ब्रिज बदलू म्हटले तर मापांचा प्रश्न येतो. मूळ फ्लॉइड रोजच्या दोन पोस्टमधले अंतर ७४.३ मिलिमीटर असते, आणि स्वस्त ब्रिजचे अंतर, खालच्या पोकळीचा आकार व नटची रुंदी यांतले एकही माप जुळले नाही, तर लाकूड कोरावे लागते.

स्थिर ब्रिजची तपासणी त्या मानाने लवकर होते, परंतु ती वगळण्याचे कारण नाही. ट्यून-ओ-मॅटिकची पट्टी तारांच्या भाराने मध्ये खचलेली असू शकते. गिटार डोळ्यांसमोर आडवी धरली की ते दिसते. तिचे दोन्ही आधार पुढे झुकले आहेत का, तेही पाहावे. अशा ब्रिजच्या बहुतेक गिटारी लेस पॉल घराण्यातल्या असल्यामुळे खरा धोका ब्रिजवर नसून दुसऱ्या टोकाला असतो: गिब्सनच्या गिटारचा माथा १७ अंशांत आणि एपिफोनचा साधारण १४ अंशांत मागे कललेला असतो, आणि गिटार पडली की तो नटच्या मागे तुटतो. चांगला जोडलेला माथा वर्षानुवर्षे टिकतो. लपवून विकलेला मात्र नको. टेलिकास्टर आणि इतर सपाट ब्रिजांमध्ये सॅडलचे उंचीचे स्क्रू फिरतात का, आणि बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर त्याच जागच्या हार्मोनिकशी (तार न दाबता नुसती स्पर्शून निघणाऱ्या सुराशी) जुळतो का, एवढे पाहिले तरी पुरे. जुन्या पद्धतीच्या टेलिकास्टरला सहा तारांमागे तीनच सॅडल असतात, तेव्हा तिच्याकडून काटेकोर इंटोनेशनची अपेक्षा ठेवू नये; तो दोष नव्हे, ती रचनाच तशी आहे.

मुंबई, कोकण आणि गोवा इथल्या गिटारांना गंजाची वेगळी तपासणी लागते. खारी हवा, पावसाळ्यातली दमट खोली आणि हाताचा घाम यांचा पहिला मारा ब्रिजवर होतो, कारण हाताची कड सतत तिथेच टेकलेली असते. सॅडलचे बारीक स्क्रू गंजून जाम झाले, तर तारांची उंची बदलता येत नाही आणि बळ लावल्यास स्क्रूचे डोके तुटते. स्थिर ब्रिजवर हा प्रकार झाला, तर संपूर्ण ब्रिज बदलणेही फारसे खर्चिक नसते. ट्रेमोलोमध्ये गंज पोस्टवर, धारेवर, स्प्रिंगांच्या टोकांवर आणि दांडीच्या छिद्रात असा चार ठिकाणी बसतो, आणि त्यातली प्रत्येक जागा सुराशी थेट निगडित आहे. पुण्यात किंवा नाशिकमध्ये वापरलेली गिटार या बाबतीत बहुधा बऱ्या अवस्थेत मिळते. किनाऱ्यावरच्या फ्लॉइड रोजच्या गिटारीकडे मी जास्त संशयाने पाहतो.

आता प्रत्यक्ष निवडीविषयी. एकच गिटार घ्यायची आहे आणि तिच्यावर सर्व काही वाजवायचे आहे, अशा वादकाला मी ॲफिनिटी टेलिकास्टर, आयबानेझची जीआरजी १२१ डीएक्स किंवा आरजी ४२१, किंवा यामाहाची पॅसिफिका १२० एच सुचवेन. या सर्व स्थिर ब्रिजच्या आहेत, आणि नेक सरळ व फ्रेट शाबूत असतील, तर त्यांत घाबरण्यासारखे फार थोडे उरते. स्क्वायर बुलेटही स्थिर ब्रिजच्या रूपात मिळते. त्या किमतीत ट्रेमोलोच्या बुलेटपेक्षा तीच घ्यावी. सहा स्क्रूंच्या ट्रेमोलोच्या गिटारांमध्ये माझा कौल पॅसिफिका ११२ ला आहे. तिची बांधणी या किमतीच्या मानाने एकसारखी चांगली असते, आणि ट्रेमोलो न आवडल्यास तो बंद करण्याची सोय हातात राहते: पाठीमागचे पंजाचे स्क्रू आवळून किंवा एखादी स्प्रिंग वाढवून पट्टी लाकडावर घट्ट टेकवली, की ती बहुतेक कामांसाठी स्थिर ब्रिजसारखी वागते, आणि दांडी खाली दाबण्यापुरती वापरताही येते. एरिक क्लॅप्टन यांच्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये तर पाच स्प्रिंगांबरोबर लाकडाचा तुकडा अडकवून ट्रेमोलो पूर्णपणे बंद केलेला असतो. हा उपाय कोणालाही घरी करता येतो आणि केव्हाही काढून टाकता येतो. म्हणून गिटार बाकी सर्व बाबतींत उत्तम असेल, तर केवळ सहा स्क्रूंचा ट्रेमोलो आहे म्हणून ती नाकारू नये.

फ्लॉइड रोज पद्धतीच्या गिटारीसाठी मात्र माझी शिफारस दोन्ही अटी पूर्ण झाल्या तरच आहे: दांडीचे वादन खरोखर शिकायचे असेल, आणि ब्रिज मूळ फ्लॉइड रोज किंवा आयबानेझच्या वरच्या दर्जाचा असेल. पंधरा-वीस वर्षे जुनी, रंग उडालेली, पण चांगल्या ब्रिजची जपानी आरजी ही चकचकीत रंगाच्या आणि नकली ब्रिजच्या नव्या गिटारीपेक्षा कितीतरी सरस खरेदी ठरते.

किमतीबाबत मी असा हिशेब करतो. चांगल्या स्थितीतल्या स्थिर ब्रिजच्या गिटारीला नव्या किमतीच्या साठ टक्क्यांपर्यंत द्यायला हरकत नाही. त्याच दर्जाच्या ट्रेमोलोच्या गिटारीला पन्नासच्या वर जाऊ नये, कारण उरलेले पैसे स्प्रिंगा, तारा आणि एका व्यवस्थित सेटअपवर जाणार आहेत. दांडी हरवलेली असेल, तर किंमत आणखी उतरवून मागावी. विक्रेते ती बाजारात कुठेही मिळेल असे सांगतात, पण आट्यांची मापे एकसारखी नसतात. अमेरिकी फेंडरची दांडी इंची आट्यांची, आशियात बनलेल्या बहुतेक गिटारांची मिलिमीटरमधली, आणि आयबानेझच्या कित्येक ब्रिजांची तर आटे नसलेली, नुसती दाबून बसणारी असते. त्यातही दांडी छिद्रातच तुटून तिचा तुकडा आत राहिलेला नाही ना, हे बोटाने चाचपून आणि बॅटरीने पाहून मगच पैसे द्यावेत.